‘मी मेलो’ : कार्टूनांवरील व्हिडिओ गेम आणि प्रथमपुरुषी निवेदन

‘मी मेलो’ हे वाक्य मराठीत खरेपणाने बोलता येत नाही, असे आम्ही व्याकरणाच्या तासाला विद्यार्थ्यांना गमतीने सांगत असतो. व्याकरणाची त्याला हरकत नाही, हरकत अनुभवाची आहे. बोलणारा मागे उरल्याशिवाय हे वाक्य उच्चारले जात नाही आणि तो उरला असेल तर वाक्य खोटे ठरते. असे असूनही १९९०च्या दशकात आंबिवली-मोहन्याच्या चाळींतून आणि एनआरसीच्या कामगार वसाहतीतून हे वाक्य दर संध्याकाळी अनेकदा, अतिशय गंभीरपणे उच्चारले जात असे. शेजारच्या घरातली आजी देवापाशी दिवा लावता लावता एकदा ओरडली होती, ‘तिन्हीसांजेला असलं अभद्र बोलू नये रे.’ त्यावर तिच्या नातवाने पडद्यावरून नजर न काढता खुलासा केला होता, ‘अगं आजी, मी नाही, तो बदक मेला.’ आजी म्हणाली, ‘मग तो मेला म्हण की!’

आजीने नकळत या विषयातील कळीच्या मुद्द्यावर बोट ठेवले होते. दूरदर्शनवर रविवारी तोच बदक दिसे, तेव्हा आम्ही ‘तो पडला’, ‘तो पळाला’ असेच म्हणत होतो. तोच बदक ‘कॅसेट’मध्ये आला की ‘तो’चा ‘मी’ होई. कौटुंबिक चित्रपट आणि कार्टून मालिका यांवर बेतलेल्या व्हिडिओ गेमचा इतिहास बहुधा कंपन्यांच्या करारांचा आणि खपाच्या आकड्यांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. साहित्याच्या अभ्यासकाला मात्र तो या बदललेल्या पुरुषाचा इतिहास म्हणूनही वाचता येईल. प्रस्तुत लेखात तसा प्रयत्न केला आहे.

१

प्रथम ही वस्तू आमच्यापर्यंत कशी पोचली, ते पाहू. आंबिवली हे मध्य रेल्वेच्या कल्याण-कसारा मार्गावरील, शहाड आणि टिटवाळा यांच्यामधले स्थानक. त्याच्या अंगाला मोहने, आणि मोहन्यात नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशन, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेली ‘एनआरसी’. २००९ साली हा कारखाना बंद पडला. त्याआधीची कित्येक दशके या परिसराचा दिवस कारखान्याच्या पाळ्यांवर चालत असे. वडील रात्रपाळी करून झोपलेले असताना टीव्हीचा आवाज पूर्ण बंद करून गेम खेळणे, हे आमच्या पिढीचे एक खास कौशल्य होते. या गेमचे संगीत किती चांगले होते, हे आम्हांपैकी अनेकांना फार उशिरा कळले, त्याचे कारणही हेच.

जपानच्या निन्टेन्डो कंपनीने १९८३ साली ‘फॅमिकॉम’ नावाचे यंत्र बाजारात आणले. हेच यंत्र रूप बदलून अमेरिकेत गेले तेव्हा अनधिकृत कॅसेट चालू नये म्हणून त्यात एक पहारेकरी चिप बसवण्यात आली. मूळ जपानी यंत्रात ती नव्हती. त्यामुळे त्याच्या नकला करणे सोपे गेले आणि आशियाभर अशा नकलांचे पीक आले. आपल्याकडे ‘समुराई’, ‘मीडिया’ अशा नावांनी जी यंत्रे मिळत ती या घराण्यातलीच. आम्ही यंत्राला ‘टीव्ही गेम’ म्हणत असू आणि आतल्या कार्ट्रिजला ‘कॅसेट’. कॅसेट चालली नाही की तिच्या दातांवर फुंकर मारायची, हा संस्कार कोणी शिकवला ते आठवत नाही, पण तो प्रत्येकाला येत होता. ‘६४ इन १’, ‘९९९९ इन १’ असे आकडे मिरवणाऱ्या कॅसेटी असत. त्यांत खरे गेम मोजकेच, उरलेली सारी त्यांचीच पुनरावृत्ती. संतवाङ्मयाच्या संपादनात एकाच अभंगाची निरनिराळी पाठांतरे भेटतात, तेव्हा मला त्या याद्या हमखास आठवतात.

या कॅसेटींना सोबतची पुस्तिका नसे. मूळ गेमबरोबर जी छापील पुस्तिका येई, तिच्यात कथेची पार्श्वभूमी, पात्रपरिचय, हेतू असे सारे असे. आमच्या हाती आली ती पार्श्वभूमी गळून पडलेली, सुटी कृती. पडद्यावर चार इंग्रजी वाक्ये उमटत, पण मराठी माध्यमातल्या पाचवी-सहावीच्या मुलाला ती वाचून होण्याआधीच निघून जात. त्यामुळे कथा आम्हांलाच रचावी लागे. ‘चिप अँड डेल रेस्क्यू रेंजर्स’ हा कॅपकॉम कंपनीचा १९९० सालचा गेम आम्ही ती मालिका पाहण्याच्या फार आधी खेळलो. त्या दोन चिमुकल्या जिवांना आम्ही खारी म्हणत होतो आणि त्या आपल्या हरवलेल्या आईला शोधायला निघाल्या आहेत, असे आमच्या गल्लीत सर्वमान्य होते. मूळ कथेत त्या गॅजेट नावाच्या मैत्रिणीला एका लठ्ठ बोक्याच्या तावडीतून सोडवायला जातात. हे पुढे कळले तेव्हा खरे सांगायचे तर थोडी निराशाच झाली. आमची कथा अधिक बरी होती.

दोघांनी मिळून खेळायचा हा गेम होता. त्यात पेट्या उचलून शत्रूवर फेकता येत, पेटीखाली दडता येई, आणि जोडीदारालाच उचलून फेकून देण्याचीही सोय होती. मालिकेत मैत्री दाखवलेली होती. इथे मैत्री करावी लागे, किंवा मोडावी लागे. भावाभावांची, शेजाऱ्याशेजाऱ्यांची अनेक भांडणे या एका सोयीतून उद्भवली आहेत.

२

या परंपरेतील सर्वांत लाडका गेम म्हणजे ‘डकटेल्स’. कार्ल बार्क्स या चित्रकथाकाराने १९४७ साली स्क्रूज मॅकडक हा कंजूष, अब्जाधीश बदक निर्माण केला. १९८७ साली डिस्नेने त्याच्यावर दूरचित्रवाणी मालिका काढली आणि १९८९ साली कॅपकॉमने गेम. दूरदर्शनवर १९९०च्या दशकाच्या पूर्वार्धात ही मालिका हिंदीतून रविवारी दाखवली गेली. म्हणजे स्कॉटिश वंशाचा अमेरिकन बदक जपानी कारागिरांच्या हातून नकली यंत्रात शिरला, हिंदी बोलू लागला आणि मोहन्यात मराठी मुलांच्या हाती आला. ‘भाषांतरित संस्कृती’ वगैरे परिभाषा आम्ही एम.ए.ला शिकलो. ती वस्तू मात्र आधीच भेटलेली होती.

गेमची रचना पाहण्यासारखी आहे. ॲमेझॉनचे जंगल, ट्रान्सिल्व्हेनिया, आफ्रिकेतील खाणी, हिमालय आणि चंद्र अशी पाच ठिकाणे, आणि कोठे आधी जायचे हे खेळणाऱ्याने ठरवायचे. कथेतील घटना आणि त्यांचा निवेदनातील क्रम या दोन गोष्टी वेगळ्या असतात, हे कथनमीमांसेतील तत्त्व वर्गात समजावताना आमची दमछाक होते. इथे दहा वर्षांचा मुलगा ते हाताने वापरत होता. स्क्रूजच्या हातात काठी असते. त्या काठीवर उभे राहून टणाटण उड्या मारत जाणे हा या गेमचा प्राण. हिमालयात मात्र भुसभुशीत बर्फावर अशी उडी मारली की काठी रुतून बसे. जमीन बदलली की चाल बदलावी लागते, इतके भूगोलाचे ज्ञान त्यातून निश्चित मिळाले. हिमालय आपल्या देशाचा, म्हणून तिथे आपल्याला सवलत मिळायला हवी होती, असा युक्तिवादही एका मित्राने केल्याचे स्मरते.

चंद्र सर्वांना प्रिय होता. वाचणाऱ्या मुलांना चंद्र नवा नव्हता. भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्नला मराठीत आणले होते आणि ‘चंद्रावर स्वारी’ वाचलेली मुले आमच्यात होती. दुसऱ्या दिवशी शाळेत मात्र निवेदनाचा फरक ठळकपणे जाणवे. पुस्तक वाचलेला मुलगा ‘ते चंद्रावर गेले’ असे सांगे. गेम खेळलेला मुलगा म्हणे, ‘मी काल चंद्रावर गेलो.’ आणि ऐकणाऱ्यांपैकी कोणालाही त्यात थाप वाटत नसे.

या चंद्राच्या टप्प्यासाठी हिरोशिगे तोनोमुरा या संगीतकाराने रचलेली धून आज जगभर ओळखली जाते. २०१७ साली डिस्नेने ‘डकटेल्स’ची नवी मालिका सुरू केली, तेव्हा तिच्यात हीच धून अंगाईगीत होऊन आली. ही बाब किरकोळ नाही. मालिकेवरून गेम झाला होता. आता गेममधले संगीत मालिकेत परतले. मूळ कृती आणि तिचे रूपांतर यांचे नाते पिता-पुत्राचे असते, असे आपण गृहीत धरतो. इथे पुत्राने पित्याला गाणे शिकवले.

३

‘मूळ’ या शब्दाबद्दलची ही शंका अधिक खोल जाते. ‘अल्लाउद्दीन’चे उदाहरण घ्या. डिस्नेचा चित्रपट १९९२चा. १९९३ साली त्यावर दोन निराळे गेम निघाले. व्हर्जिन कंपनीच्या गेमसाठी डिस्नेच्या चित्रकारांनी कागदावर रेखाटने केली आणि ती संगणकात उतरवण्यात आली. त्यातल्या अल्लाउद्दीनच्या हातात तलवार आहे. कॅपकॉमच्या गेममध्ये तलवार नाही. तिथे तो शत्रूच्या डोक्यावर उडी मारतो आणि सफरचंदे फेकतो. आशियातील अनधिकृत कारागिरांनी याचीच लहान यंत्रावर चालेल अशी तिसरी आवृत्ती केली आणि आमच्या भागात पुष्कळांना प्रथम ती भेटली. रंग उडालेली, चाल अडखळणारी, पण आपली. चित्रपट नंतर. यांतील खरा अल्लाउद्दीन कोणता, या प्रश्नावर आमच्या गल्लीत मतभेद होते.

हा प्रश्न प्रत्यक्षात फार जुना आहे. अरबी सुरस कथांच्या कोणत्याही जुन्या अरबी हस्तलिखितात अल्लाउद्दीनची कथा सापडत नाही. अँतवान गालाँ या फ्रेंच भाषांतरकाराने ती १७०९ साली पॅरिसमध्ये हन्ना दियाब नावाच्या अलेप्पोच्या तरुणाकडून ऐकली आणि आपल्या ग्रंथात घातली. तीत अल्लाउद्दीन राहतो चीनमध्ये. पुढे एकोणिसाव्या शतकात कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी या सुरस व चमत्कारिक गोष्टी इंग्रजीवरून मराठीत आणल्या. सांगणारा सीरियन, लिहिणारा फ्रेंच, नायक चिनी, वाचणारे मराठी. आमची नकली कॅसेट या परंपरेच्या बाहेरची होती, असे म्हणण्याचे धाडस मला होत नाही.

‘जंगल बुक’ची कथा अधिक जवळची. किपलिंगचा जन्म १८६५ साली मुंबईत झाला. १८९४च्या त्याच्या पुस्तकातील मोगलीचे जंगल सिवनीचे, म्हणजे नागपूरहून फार दूर नसलेले. दूरदर्शनवर १९९३च्या सुमारास आम्ही जो मोगली पाहिला तो जपानच्या निप्पॉन ॲनिमेशनचा होता, आणि हिंदीत त्यातील शेरखानाला आवाज होता नाना पाटेकरांचा. कॅसेटमधला मोगली मात्र १९६७च्या डिस्ने चित्रपटातला. तो केळी फेकत, रत्ने वेचत जाई. दोन्ही मोगलींचे चेहरे जुळत नव्हते. आम्ही त्याची काळजी केली नाही. एकाच रामाचे कीर्तनकाराने एक रूप उभे करावे, कॅलेंडरवर दुसरे असावे आणि मालिकेत तिसरे दिसावे, याची सवय आम्हांला होतीच.

४

गौरवाचा हा सूर थोडा आवरता घ्यायला हवा. चित्रपटांवरील गेम हा प्रकार जन्मापासून व्यापाराच्या घाईने ग्रासलेला आहे. स्पीलबर्गच्या ‘ई. टी.’वरचा अटारी कंपनीचा गेम १९८२च्या नाताळात दुकानात हवा, म्हणून हॉवर्ड स्कॉट वॉरशॉ या एकट्या माणसाने तो पाच आठवड्यांत लिहिला. तो सपशेल फसला आणि १९८३ साली न विकल्या गेलेल्या मालाबरोबर न्यू मेक्सिकोतील ॲलामोगोर्डोच्या कचराभूमीत पुरला गेला.

‘लायन किंग’चा दाखला याहून बोलका आहे. वेस्टवुड स्टुडिओने १९९४ साली केलेल्या या गेमचा दुसराच टप्पा भयंकर अवघड होता. सिंहाच्या छाव्याला माकडे इकडून तिकडे भिरकावत आणि योग्य क्रम सापडेपर्यंत पुढे जाता येत नसे. वेस्टवुडचे लुई कॅसल यांनी पुढे त्याचे कारण सांगितले. अमेरिकेत मुले गेम भाड्याने आणत. भाड्याच्या एक-दोन दिवसांतच गेम संपला तर विकत कोण घेणार? म्हणून सुरुवातीलाच ही अडवणूक. आम्हीही कॅसेट दिवसाच्या भाड्यानेच आणत होतो, फक्त विकत घेण्याचा प्रश्नच उद्भवत नव्हता. अमेरिकेतील भाडेकरूसाठी रचलेला सापळा आंबिवलीतल्या भाडेकरूच्या पायात अडकला. आमच्या ओळखीतल्या कोणीही त्या छाव्याला मोठे होऊन राजा झालेले खेळात पाहिले नाही. चित्रपटात तो दीड तासात राजा होतो. आमचा सिंबा कायमचा बालपणातच राहिला. या अर्थाने एकच कथा दोन माध्यमांत सुखान्त आणि शोकान्त, दोन्ही होऊ शकते.

५

आता आजीच्या आक्षेपाकडे परत येऊ. ‘तो’ म्हणायच्या जागी ‘मी’ म्हणणे हे नेमके काय आहे?

२००९ साली ‘हनुमान : बॉय वॉरियर’ हा गेम सोनीच्या प्लेस्टेशन २ यंत्रासाठी भारतात प्रसिद्ध झाला. तो हैदराबादच्या ऑरोना टेक्नॉलॉजीजने केला होता. त्याआधी २००५ साली व्ही. जी. सामंत यांच्या ‘हनुमान’ या ॲनिमेशनपटाने मुलांच्या मनात बालहनुमानाला जागा करून दिली होती. त्या चित्रपटाला घराघरांतून प्रेम मिळाले. गेमवर मात्र अमेरिकेतील राजन झेद यांनी आक्षेप घेतला. देवाला खेळणाऱ्याच्या बोटांच्या हुकमतीखाली आणणे त्यांना अनुचित वाटले. आक्षेप मान्य असो वा नसो, त्यातील निरीक्षण अचूक आहे. पडद्यावरचा हनुमान पाहताना आपण ‘तो’ म्हणतो. गेममध्ये ‘मी’ म्हणावे लागते. आणि हनुमान म्हणून ‘मी मेलो’ कसे म्हणायचे?

तरीही मराठी परंपरेला हे ‘मी’ अपरिचित नाही. एकनाथांच्या भारुडांत कवी कधी विंचू चावलेला माणूस होतो, कधी जोशी, कधी जोगवा मागणारी स्त्री. तिथला ‘मी’ एकनाथांचा नसतो आणि त्यांच्याशिवायचाही नसतो. दशावतारात रंग लावून उभ्या राहिलेल्या नटाला लोक खेळापुरते देव मानतात आणि खेळ संपल्यावर तो त्यांच्यात बसून चहा पितो. याला आपल्याकडे नेमका शब्द आहे : सोंग. सोंग म्हणजे फसवणूक, हा अर्थ नंतरचा आणि कोता. मूळ अर्थ आहे दुसऱ्याचे रूप घेऊन काही काळ ‘मी’ म्हणणे. व्हिडिओ गेम खेळणारा मुलगा बदकाचे सोंग घेत होता. म्हणून तो मरूही शकत होता आणि आईने हाक मारल्यावर उठून जेवायलाही जात होता.

सोंगाला प्रेक्षक लागतो, आणि तो आमच्याकडे भरपूर होता. यंत्र एकाच्या घरी, खेळणारे दोन, मागे दाटीवाटीने बसलेले पाच-सहा. खेळणारा ‘मी’ म्हणे, मागचे ‘तू’ म्हणत : ‘तू उडी मार’, ‘तू मागे फिर’. दुसऱ्या दिवशी शाळेत जो उरे तो ‘तो’ : ‘तो काल शेवटच्या स्टेजला गेला.’ तिन्ही पुरुष एका खोलीत नांदत होते. मौखिक परंपरेत सांगणारा, हुंकार देणारा आणि पुढे नेणारा अशी जी साखळी असते, तिच्याशी याचे नाते दूरचे नाही.

६

पुढचा इतिहास वेगळ्या वळणाचा आहे. २००८ साली पोगो वाहिनीवर हैदराबादच्या ग्रीन गोल्ड ॲनिमेशनचा ‘छोटा भीम’ आला. २०१२ साली ‘लोटपोट’ या हिंदी नियतकालिकातील ‘मोटू पतलू’ मुंबईच्या कॉसमॉस-माया स्टुडिओतून पडद्यावर आले. मुंबईच्याच नझारा टेक्नॉलॉजीजने अशा पात्रांवर मोबाइल गेम काढले. आपल्या मातीतली पात्रे, आपल्या देशात बनलेले गेम. ही वाट व्हावी, असे आम्हांला लहानपणी वाटत होतेच. फुरसुंगीच्या फास्टर फेणेला १९८७ साली दूरदर्शन मालिका लाभली, २०१७ साली चित्रपट लाभला. त्याची सायकल आपल्या हातांनी पळवायची हौस मात्र माझ्या पिढीची राहून गेली.

पण मोबाइलवर दोन गोष्टी हरवल्या. पहिली, शेवट. यांतील बरेच गेम धावत राहण्याचे आहेत. अडखळेपर्यंत पळायचे आणि पुन्हा सुरू करायचे. चंद्रावरून परत येणे त्यांत नाही. दुसरी, मागे बसलेली मंडळी. तळहाताएवढ्या पडद्यामागे सहा जण बसू शकत नाहीत. ‘मी’ उरला, ‘तू’ गेला. माझ्या वर्गातील विद्यार्थ्यांना लहानपणीचे गेम विचारले की नावे भराभर येतात. ‘कोणाबरोबर खेळलात?’ असे विचारले की वर्ग थोडा शांत होतो. अर्थात, ऑनलाइन खेळात परस्परांशी बोलत खेळणारी मुले आहेत आणि त्यांचा ‘तू’ वेगळ्या गावात बसलेला असतो. त्याचे व्याकरण त्यांनीच कधीतरी लिहावे.

शेवटी एक सूचना. ॲलामोगोर्डोची कचराभूमी २०१४ साली उकरली गेली, तेव्हा ‘ई. टी.’च्या कॅसेटी वर आल्या. त्यांतील एक आज अमेरिकेच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. एका फसलेल्या गेमला मिळालेला हा मान आहे. आमच्या कॅसेटी कोणी पुरल्याही नाहीत. वसाहतीतली घरे रिकामी झाली, तेव्हा जुने टीव्ही, ॲडाप्टर आणि पितळी भांडी यांच्याबरोबर त्या वजनावर भंगारात गेल्या. त्यांचा शोध घेण्यात आता अर्थ नाही. त्यांच्याभोवती रचलेल्या कथा मात्र अजून माणसांच्या तोंडी आहेत : हरवलेल्या आईला शोधणाऱ्या खारी, हिमालयात सवलत मागणारा मुलगा, कधीच राजा न झालेला सिंबा. लोककथांचे संकलन करायला आपण विद्यार्थ्यांना खेड्यांत पाठवतो. यंदा एखाद्या गटाला मोहन्यात, किंवा स्वतःच्याच घरातील काका-मावश्यांकडे पाठवून पाहावे. विचारायचे एवढेच : तो गेम काय होता, हे नको; तुम्ही त्याची गोष्ट काय सांगत होतात? चाळिशी ओलांडलेला, केस पांढरे होऊ लागलेला तो माणूस सांगायला लागेल आणि दुसऱ्या-तिसऱ्या वाक्याला ‘मी’वर येईल. तिथून पुढे लिहून घ्यायचे.